बोट फिरवल्याशिवाय फिल्टर नाही

९ फेब्रुवारी, रविवार

पहिली ओळ लिहायलाच पाच मिनिटं गेली. पेन बोटांत ठरत नाही. घट्ट धरावं तर कागद फाटतो, सैल धरावं तर घसरतं. अक्षर बघा — पाटीवर गिरवल्यासारखं, एका पानात जेमतेम दहा ओळी.

हा उद्योग डॉक्टरीणबाईंचा. साखरवाल्यांनी म्हणे रोज चार ओळी लिहायच्या — काय खाल्लं, कसं वाटलं. मला सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे नाही म्हणून मोकळा झालो असतो. म्हणून लेकीला सांगितलं! ती वही घेऊनच आली. "काय वाट्टेल ते लिहा बाबा. मी वाचणार नाही."

नकोच वाचू. एक गोष्ट तिला कळायला नको आहे, ती वहीला सांगून टाकतो. माझ्या बोटांतलं गेलंय, शिवलेलं कळत नाही. दोन्ही हातांच्या, गेल्या वर्षभरात. आधी मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत. शर्टाचं बटण डोळ्यांनी बघून लावावं लागतं. हे फक्त डॉक्टरीणबाईंना माहीत आहे आणि त्यांना बजावून ठेवलंय, घरी बोलायचं नाही. एकेचाळीस वर्षं गॅरेज चालवलं ते या बोटांवर. लोक डोळ्यांनी बघतात, मी बोटाने बघायचो. उस्तादांचं बोट म्हणजे मीटर, असं म्हणायचे. ते मीटर बंद पडलं ही दवंडी कशाला पिटू?

उजवी तर्जनी मात्र अजून आहे. थोडी आहे.

१० फेब्रुवारी

काही झालं नाही. जेवलो. डॉक्टरीणबाई, चार ओळी हव्यात ना — ही तिसरी. ही चौथी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीने गाडी घेतली. नवी नाही, दुसऱ्याची. करडा रंग आहे म्हणून मी तिला करडी म्हणायला लागलो, आणि लेकही तेच म्हणते आहे.

गाडी तिला हवीच होती. नर्स आहे ती. नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांच्या घरी जाऊन आई आणि बाळ दोघांना तपासायचं, हे तिचं काम. नोव्हेंबरात बदली होऊन इकडे आली, माझ्याकडे राहायला लागली, आणि तेव्हापासून ती वजनकाट्याची पिशवी खांद्याला लावून बसच्या मागे धावत होती. पोरीला घराचा आधार झाला माझ्या, हे एक बरं झालं. एवढं तरी माझ्याकडून होतंय.

करडीचं बॉनेट उघडून अर्धा तास बघितलं. इंजिन चांगलं आहे, आवाज स्वच्छ. पण आधीची मालकीण गाणं शिकवणारी बाई होती म्हणे. गळ्याची काळजी घेतली असेल, गाडीची घेतलेली नाही. ऑइलची पट्टी ओढून बघितली तर डांबर! फिल्टरवर गंज इतका की वरची अक्षरं वाचता येईनात. तो फिल्टर किती वर्षं तिथे बसलाय ते त्या बाईंनाच ठाऊक.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहा पिताना लेक म्हणाली, "बाबा, ऑइल आपणच बदलू. घरात उस्ताद असताना गॅरेजात कशाला द्यायची? तुम्ही बसून सांगा, मी करते."

मला इतका आनंद झाला की मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, हे काय बाळाचं लंगोट बदलण्याइतकं सोपं वाटलं का? ती हसली. म्हणाली, लंगोट बदलणं सोपं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? आईने तर नसेल सांगितलं. तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली, पण टोमणा अजून तिचाच आहे घरात.

दुपारी तिला सगळं समजावून सांगितलं. तेल काढणं, तेल भरणं हे कुणीही करतं. खरी मेख फिल्टरपाशी आहे. जुना फिल्टर निघतो, पण कधी कधी त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून मागे राहते. काळ्यावर काळी, आणि ती जागा अशी आड की डोळ्यांना दिसत नाही. त्यावर नवा फिल्टर बसवला की रिंगेवर रिंग. दोन-चार दिवस धरतं. मग एक दिवस रस्त्यात दाब वाढला की सगळं तेल बाहेर. तेलाशिवाय इंजिन चाललं की पाच मिनिटांत जाम, आणि इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली.

म्हणून माझ्या गॅरेजात एकच कायदा होता — बोट फिरवल्याशिवाय फिल्टर नाही. आणि बोट फक्त माझं. माझा चेला एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली होता, आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, डोकं पांढरं झालंय. पण माझ्याकडे असेपर्यंत जुना फिल्टर निघाला की तोही हात पुसून बाजूला व्हायचा आणि म्हणायचा, "उस्ताद, बोट." मी फिरवायचो. साफ म्हणालो की मगच पुढचं काम.

लेक ऐकत होती. म्हणाली, "मग आपल्याकडेही तसंच." मी म्हटलं, अर्थात.

१९ फेब्रुवारी

लेक मला चहा अर्धाच कप देते हल्ली. कपही नवा आणलाय, कान केवढा तर अख्खी मूठ आत जाईल. विचारलं तर म्हणते साखर वाढते. अगं, माझ्या चहात साखर नसतेच! बुटांचंही तेच. नाडीचे बूट चांगले होते, ते कुणाला तरी देऊन टाकले आणि नुसते पाय सरकवायचे आणले. नर्स घरात असली की घराचं इस्पितळ होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

झालं! ऑइल बदललं.

आठ वाजता सुरुवात केली. मी लाकडी स्टुलावर, लेक खाली पुठ्ठ्यावर. पाच मिनिटं इंजिन चालवून तेल कोमट करून घेतलं. गाडी उचलून खाली लोखंडी स्टँड लावले, गाडी हलवून बघायला लावली — नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारे दोघे मी पोचवून आलोय. उजवीकडचं पुढचं चाक काढलं. चेंबरचा नट तिने अगदी नीट सोडवला, शेवटचे आटे हाताने. तेल परातीत पडलं, काळं कुळकुळीत. हातात तिचे ते इस्पितळाचे रबरी मोजे. म्हटलं, गाडी बाळंत होणार आहे का? म्हणाली, होतच आहे, परात धरा.

फिल्टर मात्र हटेना. पट्ट्याचा पाना लावला, सॅंडपेपर गुंडाळून बघितला. शेवटी पाय टेकवून तिने असा हिसका दिला की कर्रकन सुटला, आणि हातातून निसटून थेट परातीतल्या तेलात! डुबुक. ती काढायला वाकली. मी म्हटलं, राहू दे, कुठे त्या चिखलात हात घालतेस.

तेवढ्यात वरचे चष्मेवाले जिन्यात येऊन उभे. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, रविवारी बंद, म्हणून रविवारी आमच्याकडे लक्ष. "उस्ताद, टॉर्च देऊ का? तुमचा नंबर वाढलाय, मी सांगतो." मी तर्जनी वर करून दाखवली. म्हटलं, माझे डोळे इथे आहेत.

लेक हात पुसून बाजूला सरकली. "बाबा, बोट."

किती वर्षांनी कुणीतरी म्हणालं. वहीला खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. चाकाच्या पोकळीतून हात आत घातला, बोट टेकवलं, गोल फिरवलं. पुन्हा फिरवलं. काही लागलं नाही. म्हटलं, "साफ."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. "नक्की ना बाबा?" मी म्हटलं, अगं तू जन्मायच्या आधीपासून फिरवतोय हे बोट. मग तिने नव्या फिल्टरच्या रिंगेला तेल चोळलं, हाताने फिरवत बसवला, रिंग टेकल्यावर पाऊण फेरा. नटाला नवा वायसर. साडेतीन लिटर तेल. इंजिन चालू केलं, बंद केलं, पट्टी बघितली. बरोबर दोन खुणांच्या मध्ये.

आज झोप छान लागणार.

२४ फेब्रुवारी

लेक सकाळी निघण्याआधी पट्टी काढून बघते. दुपारी जेवायला आली तेव्हा बघितली. संध्याकाळी परत बघितली! म्हटलं, किती वेळा बघशील, मुलगी बघायला आलीस का? म्हणाली, तुम्हीच शिकवलंत ना, तेल बघावं. शिकवलं खरं, पण इतकं शिकणारा चेला मला आयुष्यात मिळाला नव्हता.

२६ फेब्रुवारी, बुधवार

करडीखाली थेंब. रुपयाएवढा डाग. पुठ्ठा लेकीने आधीच अंथरून ठेवला होता, म्हणून दिसला.

सांडलेलं तेल असेल. काम करताना थोडं इकडेतिकडे जातंच, ते एक-दोन दिवस ठिबकतं. पुसून घ्यायला सांगितलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ठिबकणं थांबलं नाही. आज रीतसर शोध लावला. सगळं रॉकेलने पुसून कोरडं केलं, मग माझी अंगाला लावायची पावडर खालून भुरभुरवली. इंजिन चालू ठेवलं. जिथून तेल येतं तिथे पावडर ओली होते. जुनी युक्ती आहे, पण खोटं बोलत नाही.

चेंबरचा नट कोरडा. म्हणजे वायसर ठीक. ओल होती ती फिल्टरच्या काठाला.

फिल्टरच्या काठाला तेल म्हटलं की शंभरातल्या नव्वद वेळा रिंगेवर रिंग. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मी लांबूनच सांगितलं असतं. पण इथे ते नाही. इथे बोट मी फिरवलंय.

म्हणजे मग राहिलं काय — फिल्टर कमी आवळलाय. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, पाऊण फेरा दिला होता बाबा, तुमच्यासमोर. मी म्हटलं, पाऊण म्हणजे पाऊण, अर्ध्याला पाऊण म्हणायचं नाही. तुझा हात कच्चा. जरा मोठ्यानेच म्हणालो. चष्मेवाले जिन्यात होतेच, ते म्हणाले, होतं असं पहिल्या वेळेला.

ती गाडीखाली सरकली आणि फिल्टर आणखी पाव फेरा आवळला. "हात कच्चा" हे मी चेल्यालाही चारचौघांत कधी म्हणालो नव्हतो. तोंडातून गेलं.

२८ फेब्रुवारी

पुठ्ठा कोरडा. बघा! हातच कच्चा होता.

२ मार्च, रविवार

अजून कोरडा. तरी तिचं पट्टी बघणं चालूच. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं झालंय पोरीचं. मी बोललो ते लागलं असणार. काहीतरी गोड बोलायला हवं, पण माझ्या तोंडाला ते जमत नाही.

४ मार्च, मंगळवार

अक्षर आजच्यापुरतं माफ.

अकरा वाजता फोन आला. "बाबा, लाल किटली." गाडीच्या काचेमागे तेलाचा लाल दिवा असतो, किटलीच्या आकाराचा. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — किटली पेटली की त्या क्षणी किल्ली बंद. पुढच्या वळणापर्यंत नाही, सावलीपर्यंतही नाही.

मी ओरडलो, किल्ली? म्हणाली, "पेटल्याक्षणी बंद केली. मागे रस्ताभर तेलाची रेघ आहे." आवाज अगदी शांत. म्हटलं तिथेच थांब, चेल्याला पाठवतो. म्हणाली, "गाडीपाशी चेल्याला पाठवा. मला थांबता येणार नाही." ज्या घरी निघाली होती तिथलं बाळ पाच दिवसांचं, सकाळी आईचा फोन आला होता की दूध ओढत नाही, डोळे पिवळे दिसतात. पिशवी खांद्याला मारून पोरगी दोन किलोमीटर चालत गेली. मध्ये धावलीही असणार, सांगत नाही. बाळाला बघितलं आणि लगेच इस्पितळात धाडलं. आता ठीक आहे म्हणे, निळ्या दिव्याखाली ठेवलंय.

संध्याकाळी आली तेव्हा टाचेला फोड. मी पाणी गरम करून दिलं, पाय बुडवून बसली. मी विचारलं, आणखी तासभर उशीर झाला असता तर? ती म्हणाली, "झाला नाही ना." दुसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही.

५ मार्च, बुधवार

चेल्याने करडी ओढून त्याच्या गॅरेजात नेली. लेक कामावरून परस्पर तिकडे जाऊन आली. म्हणाली, "फिल्टरच खराब निघाला बाबा. पत्रा जोडापाशी चिरलेला. इंजिनाला काही झालेलं नाही. नवा फिल्टर शनिवारी येईल."

बघा! ना तिचा हात, ना माझं बोट. अर्धा तास फिल्टर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जेवणही दोन घास जास्त गेलं. लेक म्हणाली, चेला म्हणतोय रविवारी उस्तादांना घेऊन ये, त्यांच्या समोर बसवू.

६ मार्च, गुरुवार

सकाळी शर्ट घालताना मधेच थांबलो. पत्रा चिरलेला असता तर तेल पहिल्याच दिवशी उडालं असतं. आवळल्यावर तीन-चार दिवस कोरडं राहिलं नसतं. हे मला काल कळायला हवं होतं. कळलंच होतं. आनंदाच्या भरात बाजूला ठेवलं.

लेक कामावर गेल्यावर स्वयंपाकघरात बसलो. बरणीच्या झाकणाची रबरी रिंग काढली. दोन स्टीलच्या ताटल्या पालथ्या घातल्या, एकीवर रिंग चिकटवली. डोळे मिटले, ताटल्या फिरवल्या, उजवी तर्जनी टेकवून विचारलं — रिंग आहे की नाही?

नऊ वेळा केलं. पाच वेळा चुकलो. त्यापेक्षा डोळे मिटून नुसतं "आहे, नाही" म्हटलं असतं तरी तेवढंच बरोबर आलं असतं.

तर्जनी अजून आहे, असं मी या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय. ते खोटं होतं. लिहिताना मला माहीत होतं का? थोडं होतं.

७ मार्च, शुक्रवार

चेल्याच्या गॅरेजात चालत गेलो. म्हटलं, तो चिरलेला फिल्टर दाखव. म्हणाला, "फेकला उस्ताद." आणि डाव्या कानाची पाळी खाजवली. खोटं बोलताना हा माणूस कान खाजवतो, पहिल्या वर्षी एक प्लग त्याच्या हातून फुटला तेव्हापासून बघतोय. पन्नाशी आली तरी कान तोच.

तो चहा सांगायला वळला तेवढ्यात भंगाराच्या डब्यात बघितलं. फिल्टर वरच पडला होता. उचलला, उजेडात धरला, सगळीकडून बघितला, डोळ्यांनी. चीर नाही, काही नाही. परत ठेवून दिला. चहा प्यायलो, चांगला झालाय म्हणालो आणि आलो.

म्हणजे रिंगच होती. मी साफ म्हणालो आणि रिंग तिथेच होती. चेल्याला माहीत आहे, लेकीला माहीत आहे, आणि दोघांनी मिळून म्हाताऱ्याला सांभाळून घेतलं. आणि मी? मी तिला चारचौघांत हात कच्चा म्हणालो. त्या बाळाच्या आईला मी काय सांगितलं असतं, फिल्टर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या? नाचता येईना, अंगण वाकडं.

लाज वाटते. बोट गेलं त्याची नाही. ती ऐकून घेत होती त्याची.

८ मार्च, शनिवार

आज सांगणार होतो. चहा झाला. जेवण झालं. दुपार झाली. ती दोनदा म्हणाली, काय बाबा, काही हवंय का? पाणी मागितलं.

९ मार्च, रविवार

सगळं सविस्तर लिहितो, पानं गेली तरी चालतील.

दहाला गॅरेजात पोचलो. करडी वर उचललेली, चाक काढलेलं, जागा पुसून ठेवलेली. नवा फिल्टर खोक्यात. चेल्याने हात पुसले, बाजूला सरकला, आणि जुन्या सवयीने म्हणाला, "उस्ताद, बोट."

काय करणार होता बिचारा. नसता म्हणाला तर मला कळलं असतं. दोघंही माझ्याकडे न बघता उभे.

मी हात खिशात घातले. म्हटलं, "माझ्या बोटातलं गेलंय. वर्ष झालं. रिंग मला कळली नाही आणि मी साफ म्हणालो. चूक माझी. नर्सबाई, मोजे काढा आणि तुम्ही फिरवा."

चेला पाना पुसत बसला, पाना स्वच्छच होता. लेकीने मोजे काढले. गाडीपाशी बसली, हात आत घातला, डोळे मिटले. मी तिला डोळे मिटायला सांगितलं नव्हतं. मीही मिटायचो. बोट गोल फिरवत गेली आणि एका जागी थांबली.

"बाबा, इथे काहीतरी आहे. बारीक."

चेला म्हणाला, छे, मी दोनदा पुसलंय. मी म्हटलं, थांब तू. तिने नखाने हळूच खरवडलं आणि बोटावर घेऊन बाहेर आणलं. रबराची कपची, कापलेल्या नखाएवढी. चेला तोंड उघडं टाकून बघत राहिला. तिने पुन्हा एक फेरा मारला, पूर्ण.

"साफ."

आणि मग फिल्टर बसला. पाऊण फेरा, तिच्याच हाताने. मी मोजला. पाऊण म्हणजे पाऊणच.

परत येताना करडी तिने चालवली. वाटेत गाडी बाजूला घेऊन तिने पिशवीतून एक पुडी काढली. आत ती रिंग, चेपून चपटी झालेली. "त्या दिवशी चेल्याने काढली तेव्हा मी उचलली. तुम्हाला दाखवायची नव्हती आणि फेकवतही नव्हती." मी ती घेतली. हातात काहीच कळली नाही, पण घेतली. तिला म्हटलं, तुझा हात पक्का आहे. त्या दिवशीही पक्काच होता. ती म्हणाली, माहीत आहे. आणि रडली. मीही रडलो. मागची गाडी हॉर्न वाजवत होती, वाजवू दे म्हटलं.

घरी आल्यावर आधी चष्मेवाल्यांना हाक मारली. जिन्यात उभं करून सांगितलं, मागे मी हिला हात कच्चा म्हणालो ते तुम्ही ऐकलंत. हात तिचा पक्का होता, बोट माझं चुकलं. चष्मेवाले म्हणाले, "मला वाटलंच होतं." दुसरा दिवस असता तर टॉर्च फेकून मारला असता.

जेवण झाल्यावर लेकीने माझा हात तिच्या मांडीवर घेतला आणि पेनच्या मागच्या टोकाने एकेका बोटाला टोचत गेली. कळतंय का, इथे, इथे? अंगठ्याच्या बुडाशी थोडं कळलं, बाकी नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. काय, कसं, औषध कुठलं, एक प्रश्न नाही. नर्स आहे, मला वाटलं होतं खूप विचारील.

१२ मार्च

पुठ्ठा कोरडा. पट्टी ती आता आठवड्यातून एकदाच बघते. पिवळं झालेलं ते बाळ घरी आलं.

१५ मार्च

शेजारच्या गल्लीतला एक जण ऑइल बदलायला बोलवायला आला. म्हटलं, येतो, पण बोट माझ्या लेकीचं. तिचं काम संपल्यावर जमेल. तोंडाने सांगायला मी आहे.

१७ मार्च, सोमवार

आज डॉक्टरीणबाईंकडे एकटाच गेलो. ऐटीत वही काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, घ्या, तुम्ही सांगितलेलं काम. रोज नाही, पण लिहिलंय.

त्या म्हणाल्या, "कसली वही? मी कुठे लिहायला सांगितलं?"

मी म्हटलं, माझ्या लेकीला सांगितलंत ना फोनवर. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "तुमच्या मुलीला मी एकदाच फोन केलाय, ऑक्टोबरात. तुम्ही नको म्हणाला होतात तरी केला, रागवा हवं तर. एवढंच सांगितलं की वडिलांच्या बोटांतलं गेलंय, ते तुम्हाला सांगणार नाहीत, हात भाजून घेतील एखाद दिवशी. त्या म्हणाल्या, मी बदली मागून घेते."

ऑक्टोबरात.

बसथांब्यावर तीन बस सोडल्या. अर्धा कप चहा. बिननाडीचे बूट. दिवसातून तीनदा पट्टी. आणि त्या रविवारी, चष्मेवाले जिन्यात उभे असताना, हात पुसून बाजूला सरकली आणि म्हणाली, बाबा, बोट — तेव्हा तिला माहीत होतं.

घरी आलो. लेक कणीक मळत होती. विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?

म्हटलं, ही वही संपत आली. त्या म्हणाल्या, आणखी एक आणायला सांगा मुलीला.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणते."